डिशवॉशर घ्यायचाय? आधी घरची मांडणी पाहा

यंत्र कितीही महागाचे असले तरी ते तुमच्या घरची भांडी, तुमच्या नळाचे पाणी आणि तुमच्या माणसांच्या सवयी बदलू शकत नाही. म्हणूनच दुकानात जाण्यापूर्वी आठवडाभराचा एक छोटासा अभ्यास घरीच करायला हवा.

रविवारची रात्र. जेवायला आलेले पाहुणे दहाच्या सुमारास निघून गेले. निरोपाचे हसू अजून ओठांवर होते, तोच नजर स्वयंपाकघराकडे गेली आणि ते मावळले. सिंकमध्ये ताटांचा ढीग, त्यावर कलंडलेल्या वाट्या, ओट्यावर भज्यांच्या तळणीची कढई, रश्श्याचे पातेले आणि तळाशी भात लागलेला कुकर. तेवढ्यात कामाच्या मावशींचा फोन आला, ‘‘वहिनी, पोरगी तापानं फणफणलीय. उद्या काही यायला जमायचं नाही.’’

बाहेरच्या खोलीतून यजमानांचा आवाज आला, ‘‘मी म्हणतो, एकदाचा डिशवॉशर घेऊनच टाकू या.’’

पुणे असो, इंदूर असो की बंगळूर, हा संवाद आज अनेक घरांत ऐकू येतो. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली, घरकामाला येणाऱ्या बायकांचे येणे थांबले आणि दिवसातून तीन-तीनदा भांडी घासून हात सोललेल्या कुटुंबांनी या यंत्राची चौकशी सुरू केली. तोपर्यंत ‘हे आपल्याकडे चालायचे नाही’ म्हणून ज्याच्याकडे पाठ फिरवली जात होती, तो डिशवॉशर मध्यमवर्गीय घरांत शिरला.

परंतु घरात आलेला प्रत्येक डिशवॉशर रोज चालतो, असे मात्र नाही. माझ्या परिचयातल्या एका घरी त्याच्यावर कांद्या-बटाट्याची टोपली ठेवलेली असते आणि आत दिवाळीचे रिकामे डबे. कारण विचारले तर सासूबाई म्हणाल्या, ‘‘अगं, भांडी काळी पडली. काचेचे पेले पांढरे झाले. त्यापेक्षा आपले हात बरे.’’ मी चौकशी केली. त्यांची कढई ॲल्युमिनियमची, कुकर ॲल्युमिनियमचा, पाण्याची भांडी तांब्याची आणि नळाला येते ते बोअरवेलचे जड पाणी. विकत घेताना यातले काहीच कुणी विचारात घेतले नव्हते. दोष यंत्रात नव्हता, निवडीत होता.

यंत्र परदेशी, ताट आपले

या यंत्राचा जन्म कसा झाला, हे ठाऊक असेल तर निवड करणे सोपे जाते. अमेरिकेतील इलिनॉय राज्यात शेल्बीव्हिल नावाच्या गावी राहणाऱ्या जोसेफाइन कॉक्रन या बाईंनी २८ डिसेंबर १८८६ रोजी भांडी धुण्याच्या यंत्राचे पेटंट मिळवले. नोकरांच्या हातून त्यांच्या चिनी मातीच्या किमती बश्यांचे टवके उडत आणि हेच त्यांना सहन होत नसे. बश्या तारेच्या कप्प्यांत घट्ट उभ्या करायच्या आणि त्यांच्यावर साबणाच्या गरम पाण्याचे फवारे मारायचे, ही त्यांची कल्पना. १८९३ च्या शिकागो येथील जागतिक प्रदर्शनात हे यंत्र गाजले. पहिले गिऱ्हाईक मात्र हॉटेलवाले होते. घरोघरी ते पोहोचायला पुढे अनेक दशके लागली.

आजचा डिशवॉशरही त्याच तत्त्वावर चालतो. आत घासणी नसते, ब्रश नसतो. गरम पाणी, तीव्र पावडर आणि फिरणाऱ्या पात्यांतून उडणारे फवारे एवढ्यावरच सारे काम होते. म्हणजे जेथे फवारा पोहोचेल तेथेच भांडे निघेल. मूळ रचना चपट्या बश्यांसाठी असल्याने आपल्या खोल वाट्या, उभे पेले, कानांच्या कढया आणि मोठे टोप त्यात बसवताना थोडी युक्ती लागते. हे लक्षात घेऊनच पुढचा विचार करावा.

आठवडाभर वही घाला

दुकानात जाण्यापूर्वी सात दिवस एक साधी वही घाला. रात्री सिंकमधली भांडी घासण्यापूर्वी मोजा आणि ती कशाची आहेत ते लिहा. तीन रकाने पुरेत.

पहिल्या रकान्यात यंत्रात निर्धास्त जाणारी भांडी : स्टीलची ताटे, वाट्या, पेले, डाव, पळ्या, झारे, स्टीलची पातेली व कढया, काचेची आणि चिनी मातीची साधी भांडी.

दुसऱ्या रकान्यात कधीही न जाणारी : ॲल्युमिनियम आणि हिंडालियम (यंत्राच्या पावडरीतील क्षाराने ती काळवंडतात), तांबे-पितळ, कल्हईची भांडी, बिडाचा व लोखंडाचा तवा (त्यावरची तेलाची मुरवण निघून जाऊन गंज चढतो), लाकडी पोळपाट-लाटणे, मातीची भांडी आणि चांगल्या धारेच्या सुऱ्या.

तिसऱ्या रकान्यात विचारून जाणारी : नॉनस्टिक तवे, प्लास्टिकचे डबे, स्टीलचा कुकर, मिक्सरची भांडी. यांच्यासोबत आलेल्या माहितीपत्रकात डिशवॉशरबद्दल काय लिहिले आहे, ते वाचावे. कुकरची शिट्टी आणि रबरी रिंग काढून हातानेच धुवावी.

आठवड्याच्या शेवटी रकाने मोजा. पहिला रकाना निम्म्याहून बराच मोठा असेल तर हे यंत्र तुमच्या कामाचे आहे. दुसराच मोठा असेल, तर एक तर रोजची काही भांडी स्टीलची करावी लागतील किंवा यंत्राचा विचार तूर्त बाजूला ठेवावा. आजेसासूबाईंची पितळी पातेली मोडीत घालून यंत्राची सोय पाहणे हा काही शहाणपणा नव्हे.

वहीतून आणखी एक गोष्ट कळेल. यंत्र भरेपर्यंत खरकटी भांडी आत थांबतात. घरात दोनच कढया असतील आणि दोन्ही आत अडकल्या, तर संध्याकाळची भाजी कशात करणार? अशा घरांत रोज एखादे भांडे हाताने धुवावेच लागते किंवा जास्तीची भांडी घ्यावी लागतात.

किती ‘सेट’चा घ्यावा?

डिशवॉशरची क्षमता ‘सेट’मध्ये सांगतात. आठ सेट, तेरा सेट, चौदा सेट. चौदा सेट म्हणजे चौदा माणसांची भांडी, असा समज करून घेऊ नका. हा सेट पाश्चात्त्य पद्धतीचा. त्यात एका माणसाच्या लहान-मोठ्या ताटल्या, कप-बशी, पेला आणि सुरी-काटे-चमचे येतात. आपली कढई व टोप घातले की ही संख्या भराभर घटते. चौघांच्या कुटुंबाला दिवसभराची ताटे-वाट्या आणि स्वयंपाकाची भांडी एकाच वेळी धुवायची असतील, तर बारा ते चौदा सेटचे मोठे यंत्रच सोयीचे. ओट्यावर ठेवायचे आठ सेटचे यंत्र दोघांच्या संसाराला पुरते, पण त्यात मोठी कढई सहसा मावत नाही.

यंत्राची बाहेरची मापे पाहून समाधान मानू नका. घरातून निघताना ताटाचा व्यास आणि सर्वांत मोठ्या पातेल्याची उंची टेपने मोजून चिठ्ठीवर लिहून घ्या. शक्य असेल तर ताट आणि कढई पिशवीत घालून थेट दुकानात न्या. संकोच कसला? साडी घेताना आपण ब्लाउजपीस नेतोच की! वरचा कप्पा उंच-खाली होतो का, खालच्या कप्प्यातले खुंट आडवे पडतात का, बारा इंची ताट उभे केल्यावर वरचे पाते त्याला न अडता फिरते का, हे विक्रेत्यासमोरच पाहून घ्या.

प्रोग्रामची लांबलचक यादी पाहून भुलू नका. रोजच्या वापरात तीन-चारच लागतात. तेलकट कढयांसाठी ६५ ते ७० अंश तापमानाचा जोरकस प्रोग्राम, रोजच्यासाठी ५० अंशांच्या आसपासचा काटकसरीचा ‘इको’, थोड्या मळलेल्या भांड्यांसाठी झटपट आणि यंत्र भरेपर्यंत खरकट्याचा वास येऊ नये म्हणून नुसते विसळण्याचा. काटकसरीचा प्रोग्राम तीन तासांहून अधिक चालतो म्हणून तो जास्त वीज खातो, असे वाटते. खरे तर उलट आहे. वीज खर्च होते ती मुख्यतः पाणी तापवण्यात. कमी तापमानाला काम करायचे म्हणून त्याला वेळ अधिक लागतो.

तुमचे पाणी कसे आहे?

हा प्रश्न विक्रेता क्वचितच विचारतो. मुंबईत तलावांचे पाणी येते, ते हलके असते. पण पुण्या-बंगळूरच्या नव्या वसाहतींत टँकरचे आणि बोअरवेलचे पाणी असते आणि त्यात कॅल्शियम व मॅग्नेशियमचे क्षार भरपूर असू शकतात. हेच क्षार पेल्यांवर पांढरा थर म्हणून बसतात आणि यंत्राच्या हीटरवरही साचतात.

भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्याचा जडपणा लिटरमागे २०० मिलिग्रॅमपर्यंत असावा. दुसरी सोय नसेल तर ६०० पर्यंत चालवून घेतात. आपल्या पाण्याचा आकडा तपासणीच्या पट्टीने किंवा प्रयोगशाळेत समजतो. पाणी शुद्ध करणाऱ्या यंत्रांचे विक्रेते जो ‘टीडीएस’ मोजून दाखवतात, तो पाण्यात विरघळलेल्या सर्व पदार्थांचा आकडा. जडपणा वेगळा. दोन्हींत गल्लत करू नका. घरगुती खूण म्हणजे साबणाला फेस येत नाही आणि पाणी तापवण्याच्या भांड्याच्या तळाशी पांढरी खपली धरते.

म्हणून आत पाणी हलके करण्याची व्यवस्था असलेलाच डिशवॉशर घ्यावा. या भागात राळेचे बारीक मणी असतात. ते पाण्यातले जड क्षार धरून ठेवतात आणि मिठाच्या पाण्याने पुन्हा ताजेतवाने होतात. हे मीठ भांड्यांना लागत नाही. मात्र ते डिशवॉशरचेच जाडे मीठ हवे. स्वयंपाकाच्या बारीक मिठात आयोडीन आणि ते मोकळे राहावे म्हणून घातलेले पदार्थ असतात, ते येथे चालत नाहीत. यंत्र बसवायला येणाऱ्या कारागिराकडून आपल्या पाण्यानुसार जडपणाचा आकडा लावून घ्या आणि तो बदलायचा कसा, तेही शिकून घ्या. किती जड पाण्यापर्यंत यंत्र काम करते, हे माहितीपत्रकात दिलेले असते. तुमचे पाणी त्यापलीकडचे असेल, तर आधी पाण्याची सोय करा, मग यंत्राची.

पेला पांढुरका दिसू लागला तर त्यावर व्हिनेगर चोळून पाहा. डाग निघाला तर तो क्षाराचा, मिठाकडे लक्ष द्या. निघाला नाही तर काच झिजली आहे. असे पेले पुन्हा यंत्रात घालू नयेत.

जागा, नळ आणि वीज

मोठ्या डिशवॉशरची रुंदी व खोली साधारण ६० सेंटिमीटर आणि उंची ८५ सेंटिमीटर असते. ओट्याखाली बसवायचा विचार असेल, तर ओट्याची खालून उंची मोजा. ८५ सेंटिमीटर म्हणजे साडेतेहतीस इंच, आणि जुने ओटे बऱ्याचदा याहून ठेंगणे असतात. काही यंत्रांचे वरचे झाकण काढता येते, तसे आहे का विचारा. दार पुढे उघडते, म्हणून समोरही तेवढीच जागा मोकळी हवी. बाल्कनीत ठेवायचा असेल तर ऊन-पाऊस लागता कामा नये.

पाण्याला पुरेसा जोर हवा. पुष्कळ यंत्रांना किमान ०.३ ते ०.५ बार दाब लागतो. म्हणजे टाकीतले पाणी नळापेक्षा निदान तीन ते पाच मीटर उंचावर हवे. गच्चीच्या अगदी खालच्या मजल्यावर राहणाऱ्यांना येथे अडचण येऊ शकते. तेथे छोटा पंप बसवावा लागतो. ज्या घरी पाणी सकाळी तासभरच येते, तेथे टाकीची जोडणी हवीच.

आतला हीटर दोन हजार वॅटच्या आसपास असतो. त्यासाठी १६ अँपिअरचे स्वतंत्र आणि नीट अर्थिंग केलेले सॉकेट हवे. मिक्सरच्या सॉकेटला जोडवायर लावून काम भागवू नका. घरच्या साध्या इन्व्हर्टरवरही हे यंत्र चालत नाही.

हिशेब मांडून पाहा

डिशवॉशर पाणी फार पितो, ही समजूत चुकीची आहे. तुमच्या सिंकच्या नळाखाली १५ लिटरची बादली धरा. ती अडीच मिनिटांत भरली, तर नळ मिनिटाला सहा लिटर पाणी देतो. भांडी विसळताना तो बारा मिनिटे वाहता राहिला, तर ७२ लिटर पाणी गेले. आधुनिक डिशवॉशर एका धुण्याला साधारण १० ते १५ लिटर घेतो. मात्र भांडी आधी वाहत्या नळाखाली धुवून मग यंत्रात लावली, तर सगळी बचत वाहून जाते. खरकटे फक्त काढून टाकावे, विसळू नये.

खर्चाचे गणित असे मांडा. एका धुण्याला साधारण एक ते दीड युनिट वीज लागते. समजा, युनिटचा दर १० रुपये आणि पावडरीची गोळी १५ रुपयांची. मीठ आणि भांडी चकचकीत वाळवणारे द्रव यांचे तीन रुपये धरा. रोज एक धुणे म्हटले तर तीसएक रुपये, महिन्याला ९०० च्या आसपास. आपल्या गावचे दर घालून हाच हिशेब स्वतः करा. किमतीच्या बाबतीत एक दिलासा म्हणजे २२ सप्टेंबर २०२५ पासून डिशवॉशरवरचा जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ टक्के झाला. ३०,००० रुपये मूळ किमतीच्या यंत्रावर यामुळे ३,००० रुपये वाचतात.

कंपनी निवडताना तुमच्या गावात तिचा दुरुस्ती करणारा माणूस आहे का, हे आधी पाहा. वॉरंटीत काय येते, ते लेखी घ्या. आणि हो, भांडी घासण्याचा साबण किंवा कपड्यांची पावडर यंत्रात कधीही घालू नका. फेस दारातून बाहेर येईल. यंत्राच्या गोळ्या दाहक असतात, त्या लहान मुलांच्या हाती लागू देऊ नका. तळाची गाळणी आठवड्यातून एकदा तरी काढून धुवा.

मावशींचे काय?

‘यंत्र आले की बाईचे पैसे वाचतील’ या हिशेबावर पुष्कळ घरे डिशवॉशर घेतात. हा हिशेब कागदावर सोपा वाटतो, प्रत्यक्षात तसा नसतो. तवा, पोळपाट, कुकर, पितळी भांडी आणि ओटा पुसणे हे काम उरतेच. शिवाय ज्या बाईने दहा वर्षे तुमच्या घरचे खरकटे उचलले, तिचा संसार तुमच्यासारख्याच चार-पाच घरांच्या पगारावर उभा असतो. यंत्राचे खोके दारात उतरलेले पाहून तिला ही बातमी कळावी, हे बरे दिसत नाही.

आमच्या शेजारी यंत्र यायचे ठरले, तेव्हा त्यांच्या मावशींनीच विचारले, ‘‘ताई, मशीन घेताय म्हणे? मग मी येऊ की नको?’’ शेजारणीने त्यांना बसवले, चहा दिला आणि सांगितले, ‘‘मावशी, भांडी कमी होतील, पण सकाळी भाजी निवडून चार पोळ्या लाटून द्याल का? पगार तोच राहील.’’ आज त्या घरी यंत्रही चालते आणि मावशीही येतात. प्रत्येकाला हे परवडेल असे नाही. पण काम कमीच करायचे असेल, तर निदान महिनाभर आधी सांगावे. तेवढ्यात तिला दुसरे घर शोधता येते.

भांडी लावणार कोण?

आता शेवटचा आणि सर्वांत महत्त्वाचा प्रश्न. यंत्र भांडी धुते, पण ती उचलून आत लावत नाही आणि धुतलेली मांडणीवर ठेवतही नाही. रोज हे काम वीस-पंचवीस मिनिटांचे तरी असते. ते पुन्हा एकट्या गृहिणीच्याच वाट्याला येणार असेल, तर तिचे एक काम जाऊन दुसरे आले, एवढेच.

म्हणून पैसे मोजण्यापूर्वी घरातल्या सगळ्यांना एकत्र बसवा आणि कामे वाटून घ्या. ताट खरवडून आत लावणे ज्याचे त्याने करावे. वाट्या एकीत एक न घालता तिरप्या पालथ्या घालायच्या, कढई खालच्या कप्प्यात तोंड खाली करून ठेवायची, सुऱ्यांची टोके खाली, आणि दार लावण्यापूर्वी पाते हाताने फिरवून कुठे अडत नाही ना ते पाहायचे. दहा वर्षांच्या मुलालाही हे जमते. माझ्या माहितीतले एक निवृत्त गृहस्थ रोज रात्री ही मांडामांड करतात. सुरुवातीला त्यांच्या पत्नीला संकोच वाटे. आता त्या आधी झोपायला जातात.

वही घालून झाली, पाणी तपासले, ओटा मोजला, मावशींशी बोललात आणि घरच्यांनी कामे वाटून घेतली, की मगच दुकानात जा. कोणत्या कंपनीचा घ्यावा, हा प्रश्न तोवर निम्मा सुटलेला असेल. आणि पुढच्या वेळी पाहुणे गेल्यावर बाहेरच्या खोलीतून ‘‘तू बस, कढई मी लावतो’’ असा आवाज आला, तर यंत्राचे पैसे वसूल झाले असे खुशाल समजा.